गोठण्यापूर्वीचे सरोवर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सरोवरे बहुधा नोव्हेंबरात गोठू लागतात. तत्पूर्वी वरचे पाणी निवून जड होते, खाली उतरते. वाऱ्याने सारे सरोवर ढवळून निघते आणि उन्हाळाभर तळाशी आटलेला प्राणवायू पुन्हा भरून येतो. मासे मग खोलवरही विखुरतात, आणि गळ टाकून बसलेल्याचा धीर सुटतो! पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, हा नियम आपण वर्गात पाठ करून घेतो; तेथे त्यावर माशांचे प्राण तगतात, कारण बर्फ वर धरतो, तळ गोठत नाही. धोका आहे तो मासेमारी करणाऱ्याच्या उतावीळपणात. पायी जाण्यास निदान ४ इंच जाडीचा नवा, पारदर्शक बर्फ हवा; पांढुरका असेल तर तेवढी जाडीही अपुरीच.