यात्रा रद्द झाली, पैसे कोणाच्या खात्यात?

२०२० साल आठवतंय ना? आपल्या केदारखेड्याहून बुलढाण्याकडच्या माहेरी जायचं तरी ई-पास लागायचा. तो गेला २ सप्टेंबरला. देशाबाहेरची वाट तर त्याआधीच बंद झाली होती.

त्या वर्षी हजसाठी आपल्या देशातून २ लाख १३ हजारांवर अर्ज होते. बाहेरच्या देशांतल्या लोकांना येता येणार नाही, असं सौदी अरेबियाने जूनमध्ये ठरवलं. लगेच २३ जूनला आपल्या सरकारने सांगितलं, भरलेले पैसे काहीही न कापता थेट खात्यात परत मिळतील. मेहरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, सोबत न घेता निघणाऱ्या २,३०० हून जास्त बायका होत्या. तुमचा हाच अर्ज पुढच्या वर्षी चालेल, असं त्यांना सांगितलं गेलं. पण २०२१ मध्येही बाहेरच्यांना हज बंदच राहिली.

जाणं हुकलं, पण पैशाची वाट तरी सरळ होती. अर्ज नावावर होता, बँकखातं नोंदलेलं होतं. आपल्या बायकांचं घोडं इथंच अडतं. नाव आपलं, पैसे आपले, पण व्यवहार दुसऱ्याच्या हातून.

रेल्वेचंच बघा. खिडकीवरचं तिकीट असेल तर कागद दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. कोरोनात रेल्वेने त्याला प्रवासाच्या तारखेपासून नऊ महिन्यांपर्यंत मुदत दिली होती. ज्यांनी तिकीट जपून ठेवलं त्यांनाच तिचा उपयोग. ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, पण ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात. दुकानदाराने त्याच्या खात्यातून काढलं असेल तर त्याच्याकडे. म्हणून अधिकृत एजंटाकडून तिकीट काढताना मोबाइल नंबर आपलाच द्या. तिकीट रद्द झालं की त्यावर परताव्याची रक्कम आणि ओटीपी येतो. रक्कम वाचा, पैसे हातात घ्या, मगच ओटीपी सांगा.

काशी असो की उमरा, खासगी टूरवाल्याला रोख देऊन नुसत्या शब्दावर राहू नका. पावतीवर तारीख, रक्कम आणि यात्रा रद्द झाली तर किती परत, हे लिहून घ्या. गटातून एकत्र जाणार असाल तर पावती प्रत्येकीच्या नावाची वेगळी हवी.

तरीही कोणी टोलवत असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. नाहीतर जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.