डायलिसिस कोणाला मिळावे?

१९६० साली अमेरिकेतील सिएटल शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची एक छोटी नळी वापरात आणली. ती रुग्णाच्या हातातील धमनी आणि शीर यांना जोडून तशीच ठेवता येई. त्याआधी दर डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. म्हणून मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडलेल्यांनाच या उपचाराचा उपयोग होता. आता मूत्रपिंडे कायमची निकामी झालेली माणसेही वर्षानुवर्षे जगू शकणार होती. पण यंत्रे मोजकी होती आणि रुग्ण कितीतरी जास्त.

सात जणांची समिती

डॉक्टरांनी आधी लहान मुले आणि पंचेचाळिशी ओलांडलेले रुग्ण वगळले. उरलेल्यांतून निवड करण्याचे काम सात नागरिकांच्या समितीकडे गेले. त्यांत एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद होते. नावे गुप्त होती. वय, लग्न, मुलेबाळे, मिळकत, शिक्षण, नोकरी, समाजातील वागणूक, सगळे त्यांच्यापुढे येई. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी यावर लिहिले आणि देशभर खळबळ उडाली. समितीतली माणसे दुष्ट नव्हती. चूक त्यांच्या हाती असलेल्या मोजपट्टीत होती.

जास्तीत जास्त हित

बेंथम आणि मिल या तत्त्वज्ञांचा उपयुक्ततावाद सांगतो की, ज्या कृतीतून एकूण हित सर्वाधिक होईल ती योग्य. तीन मुलांचा बाप वाचला तर चार आयुष्ये सावरतात, हा हिशेब समितीने केला. तो सहजी झटकून टाकता येत नाही. उपचाराचा फायदा कोणाला होईल हे पाहताना डॉक्टरही परिणामांचाच विचार करतात, आणि तो करायलाच हवा. पण माणसाची समाजाला असलेली ‘उपयुक्तता’ मोजू लागलो की मोजणाऱ्याच्या सवयी आणि आवडीनिवडी मापात शिरतात. सिएटलमध्ये संसारी, नोकरदार, चर्चला जाणारा माणूस वरचढ ठरू लागला. लेखक थोरोसारख्या एकांतप्रिय बंडखोराला तिथे जागा मिळाली नसती, अशी टीका १९६८ मध्ये झाली. ती मला अगदी रास्त वाटते.

माणसाची किंमत

इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये मांडले होते की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेची तुलना होत नाही. मग निवड करायची कशी? नीतितज्ज्ञ जेम्स चाइल्ड्रेस यांनी १९७० मध्ये उत्तर सुचवले: वैद्यकीयदृष्ट्या पात्र असलेल्यांत चिठ्ठ्या टाका किंवा आधी येईल त्याला आधी द्या. हे वरवर निष्ठुर वाटते. पण चिठ्ठी न निघालेल्याला आपण ‘तू कमी मोलाचा आहेस’ असे सांगत नाही, म्हणून माझा कौल याच बाजूला आहे.

जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये वेगळी कसोटी दिली: आपण बँकर असू की हमाल, निरोगी की आजारी, हे ठाऊक नसताना नियम ठरवा. तसे ठरवले तर मिळकतीचा रकाना कोण ठेवील?

चार तत्त्वे

१९७९ मध्ये टॉम बोशाम्प आणि चाइल्ड्रेस यांनी वैद्यकीय निर्णयांसाठी चार तत्त्वे मांडली: रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय. यांत उतरंड नाही, प्रसंग पाहून तोलावे लागते. थकलेला वृद्ध रुग्ण पूर्ण समजून-उमजून ‘आता डायलिसिस पुरे’ म्हणतो, तेव्हा घरच्यांना दिसणारे हित आणि त्याची स्वायत्तता समोरासमोर येतात. नकार कसा कळवावा, हात केव्हा धरावा, हे मात्र तत्त्वांतून मिळत नाही. तिथे ॲरिस्टॉटलने सांगितलेला मुरलेला विवेक लागतो.

टंचाईचाच प्रश्न

१९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून बहुतेक मूत्रपिंड रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च सरकारी विम्याखाली आणला. निवड करायला लावणारी टंचाईच पुष्कळ अंशी हटली. निवडीच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा हे पाऊल मला मोठे वाटते.

दान मिळालेल्या मूत्रपिंडांची टंचाई मात्र आजही आहे. भारतात १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. महाराष्ट्रात मेंदूमृत दात्यांचे अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांच्या प्रतीक्षा यादीनुसार दिले जातात. पगार किंवा प्रतिष्ठा यांना तिथे गुण नाहीत. पण यादीत नाव येण्यासाठी आधी निदान व्हावे लागते, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस केंद्र गाठावे लागते, तपासण्यांचा खर्च झेपावा लागतो. गाव सोडून फडावर गेलेल्या ऊसतोड मजुराचे नाव या यादीपर्यंत कोण पोचवणार, याचे उत्तर यादीच्या नियमांत नाही.