टीव्हीवरचे काळे पट्टे: बिघाड नव्हे, हिशेब

खर्डीत ईदच्या आसपास कुणाकडे नवा टीव्ही आला की आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास येतो, "सर, पिक्चर लावला की वर-खाली काळे पट्टे दिसतात. टीव्ही खराब निघाला का?" काही जण पुढे विचारतात, "सिनेमासाठी खास लांबट टीव्ही घ्यावा का?" हजारो रुपयांचा मामला आहे, म्हणून उत्तर नीट समजून घेऊ.

प्रत्येक सिनेमाच्या चौकटीला रुंदी व उंचीचे एक प्रमाण असते. 'मदर इंडिया' (1957) पाहा. तिची उंची 1 धरली तर रुंदी 1.37. जुना डबा टीव्हीही जवळपास तसाच, 4:3 चा होता. अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोहोचला आणि थिएटरे ओस पडू लागली. प्रेक्षक परत यावेत म्हणून 1953 मध्ये सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. खास भिंग चित्र आडवे दाबून फिल्मवर उतरवी आणि प्रोजेक्टरचे भिंग ते पुन्हा पसरवी. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (1959), कॅमेरामन व्ही. के. मूर्ती. रिकाम्या स्टुडिओत गुरुदत्त आणि वहिदा रहमान एकमेकांपासून दूर उभे आहेत. त्यांच्यामधली रिकामी जागाच सारे सांगून जाते.

आजचा टीव्ही 16:9 म्हणजे 1.78 आहे. हे प्रमाण चौकोनी आणि रुंद, अशा दोन्ही चित्रांना सांभाळणारा मधला मार्ग आहे. 43 इंची टीव्हीचा पडदा साधारण साडेसदतीस इंच रुंद व एकवीस इंच उंच असतो. त्यावर रुंद सिनेमा सोळा इंच उंचीतच मावतो आणि जुना सिनेमा एकोणतीस इंच रुंदीत. दोन्ही वेळा पडद्याचा साधारण पाव भाग काळा राहतो. हा बिघाड नव्हे, तडजोड आहे.

पट्टे नकोत म्हणून रिमोटवर 'झूम' केले तर रुंद चित्राचा पाव भाग कडेने कापला जातो. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचा अर्धा चेहराच गायब! जुने चित्र ताणले तर माणसे जाडी दिसतात.

मग लांबट टीव्ही? फिलिप्सने 2009 मध्ये 21:9 चा 56 इंची टीव्ही काढला होता, पण काही वर्षांतच तो बंद झाला. कारण साधे आहे. घरात रोज सिनेमाच पाहत नाहीत. बातम्या, क्रिकेट, मुलांचे ऑनलाइन धडे हे सारे 16:9 मध्ये येते. लांबट पडद्यावर त्यांच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहतात आणि दादीजानच्या आवडत्या जुन्या सिनेमाला तर चाळीस टक्क्यांहून अधिक पडदा वाया जातो.

म्हणून आमचा सल्ला एवढाच: दरवाजातून नीट आत येईल, भिंतीवर शोभेल आणि खिशाला झेपेल असा साधा टीव्ही घ्या. सेटिंगमध्ये 'पिक्चर साइज' मूळ प्रमाणावर ठेवा. रात्री खोलीतला उजेड कमी करा, पट्टे अंधारात मिसळून जातात. मुलांनाही सांगा, की दिग्दर्शकाने जेवढे दाखवले तेवढे सगळे पाहायचे असेल, तर पट्टे राहू द्यावेत.