बाजारात न मिळणारा मासा

अमेरिकेच्या मिसिसिपी किंवा टेनेसी राज्यात कुणाच्या घरी जेवायला जावं, यजमानांनी मक्याच्या पिठात घोळवून तळलेल्या पांढऱ्याशुभ्र माशाच्या तुकड्या कौतुकाने पुढ्यात ठेवाव्यात, आणि दोन-चार तुकड्या संपल्यावर पाहुण्याने सहज विचारावं, ‘हा कुठल्या दुकानात मिळतो?’ उत्तर मिळेल ते असं, की हा दुकानात मिळत नाही. मिळूच शकत नाही. या माशाचं नाव क्रॅपी. बहुतेक राज्यांत तळ्या-नद्यांमधला क्रॅपी पकडून विकणं हा गुन्हा आहे. तो खायचा असेल तर स्वतः गळ टाकायला हवा, नाहीतर गळ टाकणारा कुणी तरी आपला माणूस हवा.

या एका बंदीमुळे क्रॅपीभोवती वेगळंच जग उभं राहिलं आहे. त्याला बाजारभाव नाही, त्यामुळे दलाल नाहीत आणि निर्यातही नाही. आहे ती फक्त पहाटे निघालेली होडी, दुपारी सोललेले मासे आणि संध्याकाळी अंगणात तापलेली कढई.

बंदी आली त्यामागे कडू अनुभव होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विक्रीसाठी शिकार आणि मासेमारी इतक्या बेसुमार चालली, की पक्षी, जनावरं, मासे सगळ्यांचीच रया गेली. मग एकेका राज्याने काही जाती बाजारातून काढून घेतल्या आणि त्या फक्त हौशी गळवाल्यांसाठी राखून ठेवल्या. रीलफूट सरोवरासारखे अपवाद होते. तिथे कित्येक दशकं क्रॅपी विकायला परवानगी होती आणि काठावरच्या खानावळीत तो ताटातही येई. हे सरोवरही मुलखावेगळं. 1811-12च्या हिवाळ्यात न्यू माद्रिदच्या भूकंपांनी टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यातली जमीन खचली, तिच्यात पाणी भरलं आणि उभं जंगल बुडालं. पाण्यातली ती सायप्रसची झाडं आणि बुंधे म्हणजे क्रॅपीला हवी तशी आडोशाची जागा.

क्रॅपी दोन प्रकारचा, पांढरा आणि काळा. रंगावर मात्र विसंबू नये, कारण पाण्याप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे तो बदलतो. जाणकार पाठीवरच्या परातले टोकदार काटे मोजतात: पाच-सहा असले तर पांढरा, सात-आठ असले तर काळा. पांढऱ्याची शास्त्रीय नोंद 1818 साली राफिनेस्क या निसर्ग-अभ्यासकाने केली. लुइझियानात फ्रेंच वळणाने याच माशाला ‘साकाले’ म्हणतात आणि 1993 पासून तो त्या राज्याचा अधिकृत गोड्या पाण्यातला मासा आहे. एरवी हातभर लांबीचा वगैरे काही नाही. नऊ ते बारा इंच, अर्ध्या किलोच्या आतबाहेर. दोन पौंडांच्या, म्हणजे सुमारे 900 ग्रॅमच्या वर गेला की त्याला ‘स्लॅब’ म्हणतात आणि मग फोटो काढल्याशिवाय तो बर्फात जात नाही.

मिसिसिपीच्या उत्तर भागात अशा स्लॅबांसाठी गाजलेली चार धरणं आहेत: सार्डिस, अर्कबुटला, ईनिड आणि ग्रेनेडा. ती माशांसाठी बांधलेली नाहीत. 1927 साली मिसिसिपी नदीला आलेल्या महापुराने लाखो लोक बेघर झाले. त्यानंतरच्या पूरनियंत्रणाच्या कामांत लष्कराच्या अभियंता दलाने ही धरणं 1940 ते 1954 या काळात पुरी केली. हिवाळ्यात त्यांचं पाणी मुद्दाम उतरवलं जातं, म्हणजे पावसाचा लोंढा पोटात घ्यायला जागा राहते. उघड्या पडलेल्या काठावर गवत-झुडपं माजतात. वसंतात पाणी चढलं की ती झुडपं बुडतात, त्यांच्यात किडे आणि बारीक मासे जमतात, आणि त्यांच्या मागोमाग क्रॅपी उथळ पाण्यात येतो. पूर अडवायला केलेल्या या व्यवस्थेतून माशांना दरसाल नवं कुरण मिळत गेलं. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रमही इथलाच. 1957 च्या जुलैत ईनिड धरणापाशी फ्रेड ब्राइट यांनी 5 पौंड 3 औंसांचा, म्हणजे जवळपास 2.35 किलोचा मासा काढला. इतक्या वर्षांत तो विक्रम कुणाला मोडता आलेला नाही. काळ्या क्रॅपीचा विक्रम मात्र 2018 सालचा. टेनेसीतल्या एका खासगी तळ्यात अडीच किलोच्या घरातला मासा गळाला लागला.

हंगाम वसंताचा. पाण्याचं तापमान 15 ते 20 अंश सेल्सियसच्या दरम्यान आलं की नर काठाजवळ तळातली माती साफ करून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण बापाकडे येते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर तिथून हलत नाही, जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. गळाला लागतो तो बहुधा याच दिवसांत. दक्षिणेतली जुनी माणसं थर्मामीटर बघत नाहीत. रानात डॉगवूडची पांढरी फुलं फुलली की ती होडी बाहेर काढतात, आणि हा हिशेब सहसा चुकत नाही, कारण झाड आणि पाणी दोन्ही त्याच उन्हाने तापत असतात.

सामान तरी किती? जुन्या पद्धतीत बांबूची लांब काठी, तेवढाच दोर, पाण्यावर तरंगणारी रंगीत गोळी आणि गळाला अडकवलेला चिंगळीएवढा जिवंत मासा, मिनो. रीळ नाही, फेकण्याचं कसब नाही. काठी पुढे करायची, आमिष बुडालेल्या झुडपाशेजारी अलगद सोडायचं आणि गोळीवर डोळा ठेवायचा. म्हणूनच सहा वर्षांची नात आणि सत्तरीतले आजोबा एकाच फळकुटावर बसून बरोबरीने मासे काढू शकतात. बहुतेक राज्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना परवान्याची गरज नसते. जूनच्या सुरुवातीला कित्येक राज्यं एखादा दिवस असा ठेवतात, की त्या दिवशी मोठ्यांनाही परवाना माफ. मिनोही आता बहुधा शेततळ्यांत वाढवलेले असतात. आर्कन्सॉ राज्यात लोनोकच्या आसपास आमिषाच्या माशांची शेती हा मोठा धंदा आहे. क्रॅपी विकता येत नाही, पण त्याचा घास राजरोस विकला जातो!

दोन गोष्टी मात्र शिकाव्या लागतात. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला वळलेले असतात आणि तो भक्ष्य खालून वर येऊन पकडतो. त्यामुळे आमिष माशाच्या वर थोडं राहिलं पाहिजे. खाली गेलं तर तो बघतही नाही. दुसरी गोष्ट त्याच्या ओठांची. ती कातडी इतकी पातळ असते, की गळ लागल्यावर जोराने हिसका दिला तर ओठ फाटतो आणि मासा निसटतो. उत्साही पोरांना हे समजेपर्यंत चार-सहा मासे परत जातात. वडीलधाऱ्यांचं ओरडणंही त्याच वेळी सर्वांत जास्त ऐकू येतं.

आडोसा हवा या सवयीतून एक गमतीची प्रथा निघाली आहे. नाताळ संपला, की घराघरांतली वाळलेली ख्रिसमसची झाडं गोळा करून, त्यांना सिमेंटचे ठोकळे बांधून, ती तलावात बुडवतात. कुठे वन्यजीव खातं हे काम करतं, कुठे गावातले गळवाले. फांद्यांवर शेवाळ धरतं, शेवाळाला किडे येतात, किड्यांमागे बारीक मासे आणि शेवटी क्रॅपी. डिसेंबरात दिवाणखान्यात दिवे लावून मिरवलेलं झाड पुढच्या हंगामात जेवण पुरवतं. खासगीत बुडवलेल्या झाडांच्या जागा लोक सख्ख्या मेहुण्यालाही सांगत नाहीत म्हणे.

ही गुप्तता आता फारशी टिकत नाही. 2018 साली गार्मिन कंपनीने लाइव्हस्कोप हे यंत्र बाजारात आणलं. होडीच्या पुढे पाण्याखाली काय चाललं आहे, ते सोनारच्या ध्वनिलहरींनी पडद्यावर त्या क्षणी दिसतं. मासा कुठे आहे एवढंच नाही, तो आमिषाकडे वळला की नाही हेही कळतं. यावरून गळवाल्यांत चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचं म्हणणं, की यंत्र मासा दाखवतं, त्याला खायला लावत नाही. दुसरी बाजू म्हणते, मोठे मासे पूर्वी मोकळ्या, खोल पाण्यात सुरक्षित असत, आता तेच आधी टिपले जातात. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोठी मादी हजारो अंडी देते आणि तिला तेवढी व्हायला वर्षं लागतात. हजारो डॉलरचं यंत्र आणि बांबूची काठी एकाच पाण्यावर उतरली, तर मर्यादा ठरवणाऱ्यांना दोघांचाही विचार करावा लागणार.

मर्यादा असतातच आणि त्या राज्यागणिक, तलावागणिक बदलतात. टेक्सासचा सर्वसाधारण नियम माणशी दिवसाला 25 क्रॅपी आणि लांबी किमान 10 इंच. पण त्याच राज्यात लेक फोर्क या तलावावर थंडीत कित्येक वर्षं उलटा नियम होता: डिसेंबर ते फेब्रुवारी लांबीची अट नव्हती आणि पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवून घेणं सक्तीचं होतं. वरवर विचित्र वाटणाऱ्या या नियमाला कारण होतं. त्या दिवसांत मासे फार खोल असतात. तिथून झटकन वर ओढल्यावर दाब कमी होऊन त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि परत सोडलेला मासा बहुधा मरतो. मरणारच असेल तर तो ताटात यावा, हे सरळ शहाणपण नियमात उतरलं होतं.

ताटाचा विषय निघालाच आहे, तर अमेरिकी हौशी मासेमारीतली एक फूट सांगायला हवी. बास नावाच्या माशाची मोठी खेळ-संस्कृती आहे. अलाबामात 1968 साली रे स्कॉट यांनी बास पकडणाऱ्यांची संघटना काढली, बक्षिसांच्या स्पर्धा भरवल्या आणि 1972 पासून मासा पकडून जिवंत सोडण्याची पद्धत रुजवली. आज बास खाल्ला म्हटलं, तर काही मंडळी भुवया उंचावतात. क्रॅपीला हे सोवळं लागू नाही. तो खाण्यासाठीच पकडतात. लहान तळ्यात तर तो इतका फोफावतो, की काढला नाही तर सगळेच मासे खुरटे राहतात.

घरी आल्यावर आधी साफसफाई. पूर्वी खवले काढून, पोट चिरून, मासा अख्खाच तळत. आता पुष्कळ घरांत विजेवर चालणारी सुरी असते. कल्ल्यामागून चीर देऊन सुरी पाठीच्या कण्यावरून शेपटीकडे नेली, तुकडी उलटून कातडी सोडवली, बरगड्यांचा भाग कापला, की दोन बिनकाट्याच्या तुकड्या हाती येतात. सराईत माणसाला एका माशाला मिनिटभरही लागत नाही. वसंतात मादीच्या पोटात गाबोळी असते. काही घरांत ती तळून आवडीने खातात. बरेच लोक मात्र फेकून देतात आणि मालवणी माणसाला ते बघवणार नाही.

तुकड्या मिठाच्या गार पाण्यात ठेवतात, मग निथळून ताकात किंवा पिवळ्या मोहरीच्या पातळ सॉसमध्ये बुडवतात. मोहरीची चव तळल्यावर जवळजवळ उरत नाही, तिचं काम पीठ धरून ठेवण्याचं. पीठ बारीक दळलेल्या मक्याचं, त्यात मीठ, मिरी, लाल तिखट, लसूणपूड. लुइझियानाकडे केजन मसाला. आपल्याकडे रवा किंवा तांदळाचं पीठ जे करतं, तेच तिथे मका करतो: कुरकुरीत कवच धरतं आणि आतला नाजूक मासा वाफेवर शिजतो. तेल बहुधा शेंगदाण्याचं, 175 ते 190 अंश सेल्सियसपर्यंत तापलेलं. तेल थंड असेल तर पीठ तेल पितं, आणि एकदम खूप तुकड्या टाकल्या तर तापलेलं तेलही थंड होतं. त्यामुळे कढईपाशी एकच माणूस असतो आणि तो कुणाला झारा देत नाही. बहुतेक घरांत हे काम पुरुषाकडे असतं, कारण कढई स्वयंपाकघरात नाही, बाहेर गॅसच्या शेगडीवर चढते.

आतल्या ओट्यावर बाकीचं चालू असतं. मक्याचं पीठ, थोडा मैदा, ताक आणि चिरलेला कांदा कालवून त्याचे गोळे, हशपपी, त्याच तेलात माशानंतर सोडतात. कोबीची बारीक चिरलेली कोशिंबीर, लोणच्याच्या काकड्या, पांढऱ्या पावाचे काप, बर्फ घातलेला गोड चहा. लहान मुलांच्या वाट्याला सुरुवातीच्या तुकड्या येतात आणि तळणारा शेवटी जेवतो.

मोठ्या जमावाचं मात्र वेगळं गणित आहे. दक्षिणेत चर्चच्या आवारात किंवा शाळेच्या मदतीसाठी तिकीट लावून ‘फिश फ्राय’ करण्याची जुनी रीत आहे. तिथे ताटात येतो कॅटफिश, कारण तो मिसिसिपीत तळ्यांत वाढवला जातो आणि हवा तेवढा विकत मिळतो. क्रॅपी अशा तिकिटाच्या जेवणात दिसत नाही. तो शेजाऱ्याला पिशवीत बांधून दिला जातो, आजारातून उठलेल्याकडे पोचवला जातो, सुट्टीत घरी आलेल्या मुलासाठी राखून ठेवला जातो.

राखून ठेवण्याची युक्तीही साधी आहे. तुकड्या पिशवीत घालून वर पाणी ओततात आणि सगळं एकत्र गोठवतात. पूर्वी याला दुधाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे वापरत. चारी बाजूंनी बर्फ असल्यामुळे माशाला हवा लागत नाही, तो वाळत नाही, आणि वसंतात पकडलेला क्रॅपी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला पाहुणे जमले तरी चांगला राहतो. आदल्या रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायची, सकाळी पाणी ओतून टाकायचं आणि प्रत्येक तुकडी फडक्याने कोरडी टिपायची. ओली राहिली तर तेल अंगावर उडतं.