कमी टक्क्यांनी विलायतेचे दार बंद होते काय?



बारावीचा निकाल लागला की सोसायटीच्या ओट्यावर आणि एस. टी. स्टँडवर एकच विचारणा सुरू होते, "पोराला किती पडले?" आकडा ऐंशीच्या पुढे असला तर पेढे, पन्नासच्या आत असला तर मुकाट्याने घरी. अलीकडे या विचारणेला दुसरीही जोडली जाते. "बाहेरदेशी पाठवायचं म्हणतोय. एजंट म्हणतो, टक्के कमी असले तरी इंग्लंडात नंबर लावून देतो. फक्त तीन-चार लाख आधी भरा."

आम्ही आटगावला राहतो. कल्याण-कसारा मार्गावरचे हे स्टेशन. शहापूर-मुरबाडचा हा मुलूख भाताचा आणि जंगलाचा, इथे ऊस नाही. परंतु आपल्या सभासदांची काही कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त या बाजूला राहतात, आणि त्यांच्याकडून हीच विचारणा येते. शेताचा तुकडा गहाण टाकून एजंटाच्या हातात पैसे देण्याआधी खरी वस्तुस्थिती सर्वांना ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

प्रथम आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. गुण पडले ७५० पैकी २८२, म्हणजे शेकडा साडेसदतीसच्या आसपास. परळच्या चाळीतल्या खोलीत अभ्यास केलेला. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही, तेव्हा फारसी घ्यावी लागली. त्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आता पुढचा हिशेब नीट पाहावा. साडेसदतीस टक्क्यांची गुणपत्रिका घेऊन बाबासाहेब काही थेट लंडनला गेले नाहीत. आधी मुंबईत बी. ए. पूर्ण केले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे १९१५ साली एम. ए. झाले आणि १९१६ साली जातिसंस्थेवरचा आपला निबंध विद्वानांपुढे वाचला. त्यानंतर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे दार उघडले. उघडायला मदत कोणी केली? त्यांचे काम तीन वर्षे जवळून पाहिलेले कोलंबियाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनचे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची शिफारस केली.

पुढेही वाट सरळ नव्हती. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडन गाठते झाले. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी. एस्सी. तिथे १९०७ च्या मॅट्रिकची अडचण आली नाही, कारण त्या गुणांवर पुढच्या कामाचे थर चढले होते.

दुसरे उदाहरण मद्रास इलाख्यातील रामानुजन यांचे. गणित सोडून बाकी विषयांकडे लक्ष नसल्यामुळे ते कॉलेजच्या एफ. ए. परीक्षेत नापास झाले. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करीत असताना १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र पाठविले. पत्रात स्वतःची दैन्यावस्था थोडी आणि गणिताची सूत्रे भरपूर. १९१४ साली ते केंब्रिजला पोहोचले, १९१६ साली संशोधनावर त्यांना पदवी मिळाली. अर्थात रामानुजन शतकात एखादाच. पण पत्रासोबत काम पाठवायचे असते, ही गोष्ट सर्वांनी घेण्यासारखी आहे.

ऊसकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. काट्यावर गाडीचे वजन होते, पण साखर किती निघणार हे उताऱ्यावर ठरते. गुणपत्रिका म्हणजे वजनाची पावती. निवडक विद्यापीठाला उतारा पाहायचा असतो. मात्र उतारा दाखवावा लागतो, तो नुसता तोंडाने सांगून भागत नाही.

आता आजची परिस्थिती. बारावीनंतर लगेच पदवीसाठी जायचे असेल तर यूकॅस नावाच्या एका मध्यवर्ती संस्थेमार्फत अर्ज होतो. त्यात पाच पर्याय भरता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्यास संपते, बहुतेक इतरांची जानेवारीत. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की बारावीला पन्नास टक्के असताना अशा नामांकित विद्यापीठांत थेट पदवीला प्रवेश मिळण्याची आशा धरू नये. तिकडची शाळा तेरा वर्षांची, आपली बारा वर्षांची. म्हणून मध्ये एक वर्षाचा फाउंडेशन अभ्यासक्रम असतो. पण त्याचा खर्च वेगळा, आणि तो केला म्हणजे पुढे हव्या त्या विद्यापीठात जागा पक्की, असे नाही. एजंट नेमके हेच सांगत नाही.

कमी टक्क्यांच्या मुलाची खरी वाट पदवीनंतरची आहे. आपली तीन वर्षांची पदवी तिकडच्या एक वर्षाच्या एम. ए. किंवा एम. एस्सी. साठी बहुतेक ठिकाणी चालते. अर्जात पदवीचे गुण मुख्य असतात, बारावीचे मागे पडतात. शिवाय प्रत्येक वर्षाचे गुण वेगळे दिसतात. पहिल्या वर्षी ४८ आणि तिसऱ्या वर्षी ६५ असतील तर चढती कमान परीक्षकाला दिसते. त्यासाठी पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१) पदवीला साठ टक्क्यांच्या वर राहण्याची जिद्द धरावी. त्याखाली निवडक विद्यापीठांत जागा मिळणे फार कठीण.

२) गुण कमी पडण्यास खरे कारण असेल तर ते दोन-तीन ओळींत लिहावे. रोज पहाटेची लोकल धरून आटगावहून कल्याण-मुंबईला कॉलेजला जाणे, घरचे आजारपण, हंगामात शेतावरचे काम, ही कारणे खरी असतील तर सांगण्यात कमीपणा नाही. पण रडगाणे नको. त्यानंतर काय केले हे लिहावे.

३) शिफारसपत्र मोठ्या पुढाऱ्याचे नको, शिकवलेल्या प्राध्यापकाचे हवे. "मुलगा होतकरू व सुस्वभावी आहे" एवढ्याने काही होत नाही. मुलाने कोणते काम केले, कसे केले, हे त्या पत्रात आले पाहिजे. म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करावे.

४) इंग्रजी. बहुतेक ठिकाणी आयल्ट्स परीक्षेत साधारण साडेसहा ते सात लागतात. मराठी माध्यमाच्या मुलाने घाबरू नये, पण ही दोन महिन्यांत होणारी गोष्टही नव्हे.

पैशाचे काय? अनेक निवडक विद्यापीठांचे परदेशी विद्यार्थ्यासाठी शुल्कच वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर जाते, राहणे-खाणे वेगळे. इतकी रक्कम उसाच्या बिलातून निघत नाही, हे उघड आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. मराठा समाजाच्या मुलांसाठी सारथीची योजना आहे. आदिवासी मुलांनी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. यांपैकी प्रत्येक योजनेत उत्पन्नाच्या आणि टक्केवारीच्या अटी असतात व त्या बदलतात. तेव्हा चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. विद्यापीठाने घेतले आणि शिष्यवृत्तीच्या टक्क्यांत अडकलो, असे होऊ नये.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती वेगळ्या धर्तीची आहे. तिला पदवीबरोबर किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे यांचे नियमित कॉलेज सुटले होते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, नंतर टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकले, खेड्यापाड्यांत काम केले, आणि २०२१ साली याच शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था आज ग्रामीण मुलांना उच्च शिक्षणाचे मार्गदर्शन करते.

शेवटी एजंटाविषयी. मुलगा पाठविल्याबद्दल अनेक ब्रिटिश विद्यापीठे एजंटाला कमिशन देतात. त्यामुळे मुलाला जे योग्य तेच तो सांगेल, असे धरून चालू नये. गुणपत्रिकेत किंवा बँकेच्या कागदात फेरफार करून देतो म्हणणाऱ्याला तर उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. खोटे कागद उघडकीस आले तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय दहा वर्षांपर्यंत त्या देशाचे दार बंद होऊ शकते. पैसेही गेले आणि पोरगेही अडकले.

तेव्हा सभासद बंधूंनो, यंदा ज्यांच्या घरी पन्नास टक्के आले असतील त्यांनी जमिनीचा सातबारा पेटीतच ठेवावा. मुलाला आणि मुलीलाही जवळच्या चांगल्या कॉलेजात घालावे, आणि तीन वर्षे नेटाने शिकू द्यावे. विलायतेचा अर्ज त्यानंतर भरता येतो, आणि तेव्हा सोबत जोडायला काम असते.

— एक सभासद-शिक्षक, आटगाव (ता. शहापूर, जि. ठाणे)