उंची कशासाठी? : घरच्या हॅम रेडिओच्या खांबाविषयी

मंडळी, देवळाली प्रवरात घराच्या गच्चीवर हॅम रेडिओचा खांब उभा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती फुटी?" आपण एक पायरी मागे जाऊ आणि विचारू, उंची कशासाठी? कारण उत्तर दर पट्ट्याला वेगळं आहे.

१४४ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. जमीन सपाट धरली तर मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणायचं, की पोच किलोमीटरमध्ये मिळते. ९ मीटरवर ती १२ येते. २४ हवी तर खांब ३६ मीटरचा! अंतर दुप्पट, उंची चौपट. समोरच्याचाही खांब ९ मीटरचा असेल तर दोघांची पोच मिळून २४ होते. नगर मात्र इथून चाळीसच्या पुढे आहे. मधे डोंगर आला तर बघायलाच नको.

७ मेगाहर्ट्झचं तसं नाही. तिथे तारेची लांबी मोजायची : १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे साधारण २० मीटर, मधोमध तोडून तिथे केबल जोडायची. ही आडवी तार ६ ते ९ मीटरवर असली की लहर बरीचशी वर जाते, आयनांबरावरून परत येते आणि दिवसा पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा टप्प्यात उतरते. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत होता. आकडेमोड केली तर तोही ७ मेगाहर्ट्झच्या जरासा वर. म्हणजे महाराष्ट्रात बोलायला गच्चीवर दोन-तीन मीटरचा पाईप पुष्कळदा पुरतो.

आता खरा मुद्दा. खांब आपला, गच्ची आपली, परवानाही आपला. पण पडताना तो शेजाऱ्याची हद्द बघत नाही. म्हणून जागा ठरवताना तो कुठे उभा राहील यापेक्षा कुठे पडेल ते आधी पाहू. विजेच्या तारांपासून तो निदान स्वतःच्या पूर्ण उंचीपेक्षा जास्त लांब हवा. वर अँटेना असेल तर तिचीही उंची त्यात धरायची. यात घासाघीस नाही. जागा नसेल तर खांब बुटका करायचा, इतकं साधं आहे.

ताण तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर, आणि त्यांचे पाय खांबापासून निदान अर्ध्या उंचीवर. ते विटांच्या कठड्याला बांधायचे नाहीत. कठडा वाऱ्याचा ओढा सहन करायला बांधलेला नसतो. कॉलम किंवा स्लॅबच्या तुळईला धरायचं. वळवाच्या दिवसांत ढग दाटले की केबल यंत्रातून काढून घराबाहेर ठेवायची. खांबाला अर्थिंग आहे म्हणून ती आतच राहू दिली, असं चालणार नाही.

कुणाचा खांब अंगणात असेल तर आपली काळी माती लक्षात घ्या. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खुंट्या ढिल्या होतात. पाया मुरमापर्यंत न्यावा, आणि पावसाळ्याआधी व दसऱ्यानंतर प्रत्येक ताण हाताने ओढून पाहावा.