सर्वांनीं लिहावयाचा कोश आणि खार जमिनीचा शेतकरी

शेतकऱ्याचें धान्य कणगींत असतें, पण त्याची विद्या त्याच्या जिभेवर असते. कणगींतील धान्य मुलांस वांटून देतां येतें. जिभेवरील विद्या सांगणारा गेला म्हणजे त्याच्याबरोबर जाते. मीरा रोडच्या पूर्वेस हाटकेश म्हणून जो भाग आहे, तेथें आज राहत्या इमारती व उद्योगांचे गाळे दाटीनें उभे आहेत. मीरा-भाईंदरच्या खाडीकांठच्या सखल प्रदेशांत पूर्वीं मिठागरें आणि भाताचीं खाचरें होतीं. कोणत्या खाचरांत खार अधिक, उधाणाचें पाणी कोणत्या बांधानें अडे, पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें खाडीस मिळे, हें जाणणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. खाचरें गेलीं तरी पाऊस जुन्याच उतारानें वाहूं पाहतो. म्हणून शेती सुटलेल्या गांवासहि हें ज्ञान लागतें. तें टिकविण्याचें एक साधन आज उपलब्ध आहे. त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

या साधनास विकी असें म्हणतात. हवाई बेटांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ त्वरित असा आहे. अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञानें २५ मार्च १९९५ रोजीं पहिला विकी इंटरनेटवर सुरू केला, व होनोलुलूच्या विमानतळावरील विकी विकी नांवाच्या बसवरून त्याचें नांव ठेविलें. विकीचें मर्म थोडक्यांत असें, कीं जो पान वाचतो त्यासच तें दुरुस्तहि करितां येतें. जुना मजकूर मात्र नाहींसा होत नाहीं. प्रत्येक फेरफाराची नोंद त्या पानाच्या इतिहासांत राहते, आणि कोणीं खोडसाळपणा केल्यास पूर्वींचा मजकूर क्षणांत परत आणितां येतो. मतभेद झाल्यास त्याचा वाद शेजारच्या चर्चेच्या पानावर चालतो. गांवच्या चावडीवर चार जाणते बसून एका गोष्टीचा निकाल लावितात, तसाच हा प्रकार होय. अंतर इतकेंच, कीं येथें बोललेलें सारें लिहिलेलें राहतें.

मराठी वाचकास ज्ञानकोश नवा नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत पुरे केले. पुढें वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. हीं कामें विद्वानांच्या मंडळांनीं केलीं, व त्यांस वर्षानुवर्षें लागलीं. विकीच्या पद्धतीनें चालणारा विकिपीडिया हा कोश १५ जानेवारी २००१ रोजीं इंग्रजींत निघाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनींच, झाला. त्याचे लेखक वेतन न घेतां लिहितात, आणि त्यांतील मजकूर मुळाचा उल्लेख करून कोणासहि पुन्हां वापरतां येतो.

आमच्या वाचकांच्या कामाचें एक उदाहरण घेऊं. खार जमिनींतील भात हा विषय धरा. समजा, उरणच्या एका शेतकऱ्यानें रहू पेरण्याची, म्हणजे मोड आणलेलें बीं चिखलांत फेकण्याची, रीत लिहिली. वसईचा दुसरा तींत भर घालील, कीं पहिल्या सरींनीं खार धुऊन जाईपर्यंत बीं टाकूं नये. तिसरा उघाडीचें दार केव्हां लावावें तें सांगेल. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रांतून निघालेल्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या जाती आपल्या शेतांत कशा उतरल्या, हें चौथा लिहील. असें चार हातांनीं एक पान पुरें होईल, आणि सिंधुदुर्गांतील पांचव्यास तें घरबसल्या वाचतां येईल. एकट्याच्या वहींत हें जमण्यासारखें नाहीं.

परंतु येथें एक अडचण आहे, व ती शेतकऱ्यानें आधींच समजून घेतली पाहिजे. विकिपीडियाचा नियम असा, कीं स्वतःचें संशोधन किंवा केवळ ऐकीव माहिती तेथें चालत नाहीं. पूर्वीं प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह आधार दाखवावा लागतो. नियम योग्यच आहे, कारण अज्ञात लेखकाच्या नुसत्या शब्दावर कोणीं विसंबावें? पण त्याचा परिणाम असा होतो, कीं ज्या वृद्धानें पन्नास पावसाळे बांध राखला, त्याचें म्हणणें कोठेंच छापलेलें नसल्यामुळें कोशाबाहेर राहतें. उपाय मात्र आपल्या हातीं आहे: आधीं तपासून छापावें, मग कोशांत न्यावें. आमच्यासारख्या मासिकाचें कर्तव्य येथेंच उत्पन्न होतें. शिवाय संघास स्वतःचा निराळा विकीहि काढतां येईल. विकिपीडिया ज्या मीडियाविकी नामक प्रणालीवर चालतो, ती विनामूल्य मिळते, व आपल्या विकीचे नियम आपणांस ठरवितां येतात.

एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. फवारणीच्या औषधांचें प्रमाण केवळ विकीवरून घेऊं नये. कोणीं आंकडा चुकविला असेल, तर तो दुरुस्त होण्यापूर्वींच आपलें पीक हातचें जाईल. त्यासाठीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाची किंवा कृषि खात्याची शिफारस पहावी.

आतां वाचकांस विनंति. येत्या पावसाळ्यापूर्वीं घरांतील वडील माणसांपाशीं बसून शेतीची एक तरी गोष्ट लिहून घ्यावी. शेताचें ठिकाण, जमिनीचा प्रकार आणि अनुभव कोणत्या सालचा, हें लिहावें. स्वतः केलेलें व दुसऱ्याकडून ऐकलेलें निरनिराळें दाखवावें. सांगणाराची अनुमति असेल तरच त्याचें नांव द्यावें. हाटकेशसारख्या ठिकाणाहून आलेलें पत्र आम्ही आधीं छापूं. जेथें अद्याप नांगर चालतो, त्या गांवास पुढील वर्षींहि विचारतां येईल. जेथें तो थांबला, तेथें विचारावयास माणूस उरेल कीं नाहीं, हें सांगवत नाहीं.